छाटणीनंतरचा डोस

५ जुलै २००४, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. कोणी वाचायचं नाही, म्हणून खरं लिहिता येईल.

डिसेंबरात पुण्याला मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, कॅन्सरची गाठ काढली. मग केमो. परवा शेवटची सलाईन संपली. डॉक्टर म्हणाले, काका, सुटलात, आता सप्टेंबरात रक्त तपासून या. तोवर चांगलं खा, चाला, दुपारी झोपू नका आणि मला विचारल्याशिवाय बाहेरचं काही घेऊ नका.

एवढंच! सहा महिने माणूस सोलून काढला आणि साध्या टॉनिकची चिठ्ठी नाही.

मी येडगावात पंचवीस वर्षं द्राक्षबाग केली. छाटणी झाली की वेलीला खायला घालावं लागतं, हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. ऑपरेशन म्हणजे दुसरं काय? खरड छाटणीच. छाटून वेल तशीच सोडली तर पुढं घड धरेल का? डॉक्टर हुशार असतील, पण त्यांनी बाग केलेली नाही.

ठराव: डोसचं शेड्यूल मीच करणार. सप्टेंबरात रिपोर्ट बघून डॉक्टर चकित झाला पाहिजे.

७ जुलै, बुधवार

मुख्य रोग आता झोपेचा. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी हिला सांगितलं. ही म्हणाली, चांगले घोरत व्हता की. मी डोळे मिटून विचार करत होतो. चाळीस वर्षांच्या संसारात हिला एवढं कळू नये!

दुपारी जेवून जरा पाठ टेकली. उठलो तेव्हा गुरं गोठ्यात परत आली होती. याला विश्रांती म्हणतात. झोप नव्हे.

१० जुलै, शनिवार

एस.टी.नं जुन्नरला. हिला सांगितलं, तहसीलला काम आहे. मेडिकलमधून ए, बी, डी, ई, लोह, झिंक, कॅल्शियम असं सगळं घेतलं. बोरॉन मागितलं. दुकानदार म्हणाला, भाऊ, ते माणसाला देत न्हाईत. न का देईनात. ज्यानं वेलीची फुलगळ थांबते ते माणसाला वाईट कसं असेल?

झोपेची गोळी मागितली तर म्हणे डॉक्टरची चिठ्ठी आणा. माझी आतडी पुण्याला कापली हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे आणि याला चिठ्ठी पाहिजे. याच्या बापाला मी कलमं फुकट दिली होती. माणसं विसरतात.

११ जुलै, रविवार. सकाळी ७

फवारणीला दोन औषधं एकत्र करायची तर आधी बरणीत थोडं थोडं घालून बघतात. फाटलं, गुठळ्या धरल्या तर ती जोडी चालत नाही. नाही फाटलं तर बिनधास्त टाकीत ओता.

सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटल्या. ग्लासात पाणी घालून ढवळल्या, थोडा वेळ ठेवून बघितलं. फाटलं नाही. प्यालो. गंजक्या पत्र्याची चव, पण पास.

नंतर हिनं त्याच खलबत्त्यात लसूण ठेचला. आमटीला वेगळाच वास. मी ती भुरकून संपवली.

१४ जुलै, बुधवार

लघवी हळदीसारखी पिवळीधमक. डोस लागू पडला!

२० जुलै, मंगळवार

झोपेच्या गोळीसाठी, हिला परत तहसील सांगून, मंचरला गेलो. आंबेगाव तालुक्यात मला कोण ओळखतं? स्टँडच्या मागचं दुकान गाठलं. काउंटरवरचा पोरगा वर बघून म्हणाला, मामा, तुमी! बसा, चहा सांगतो. आमच्या चुलतभावाचा जावई निघाला. गोळी दिली नाही. चहा आणि बिस्किटं दिली.

संध्याकाळी घरी पोचायच्या आधी फोन पोचलेला. ही दारातच उभी. म्हणाली, मंचरात तहसील कवा उघडलं?

जावई म्हणवतो स्वतःला. त्याच्या लग्नात मी पंक्तीत वाढत होतो.

२५ जुलै, रविवार

गेणभाऊ आला. शाळेपासूनचा दोस्त, सोसायटीतून रिटायर झाल्यापासून कुठल्याशा कंपनीची पावडर विकतो. म्हणाला, राव, लई भारी माल हाय. परदेशात पेशंट हीच खाऊन कॉटवरनं उठून पळत्यात. मी विचारलं, कुठं पळतात? त्यानं डबा पुढं केला. झाकणावर पळणारा गोरा माणूस होता.

झोपेसाठी एक चूर्णही आणलंय. घाटघरकडचा कोणी जाणकार देतो म्हणे. नाव विचारायचं नाही, विचारलं की गुण जातो.

याला म्हणतात मैत्री. सगळं पॅकहाऊसमध्ये, द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांच्या मागं ठेवलं. हंगाम नसताना तिथं कोणी जात नाही.

५ ऑगस्ट, गुरुवार

चूर्णाला बऱ्यापैकी रिझल्ट. रात्री तास-दोन तास तरी लागली असावी. ही म्हणते, दिवा मालवल्यापासनं कोंबडं आरवेपर्यंत. हिचं गणित पहिल्यापासून कच्चं.

हिचाही हल्ली काही भरवसा नाही. भर दुपारी तांदूळ निवडता निवडता पेंगत होती. दूध उतू गेलं. सून आरती धावत आली म्हणून गॅस बंद झाला. मी म्हटलं, आजारी मी आणि सुस्ती तुला?  हिनं निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

१५ ऑगस्ट, रविवार

मणी फुगवणीच्या काळात वेलीचा डोस वाढवावा लागतो. वाढवला. पावडर दोन वेळा, चूर्ण दोन चमचे.

जेवण जात नाही. अंगाला खाज. मळमळ. मुलगा भरत म्हणाला, तात्या, तोंड का उतरलंय तुमचं? मी म्हटलं, मुळं काम करायला लागली की शेंडा थोडे दिवस गप्प असतो. तो मान हलवून बागेत निघून गेला. सध्या बाग तोच बघतो. माझं शेड्यूल बाजूला ठेवून नारायणगावच्या कोणा सल्लागाराचं ऐकतो. स्वतःचा पोरगा!

३० ऑगस्ट, सोमवार

चालणं बंद केलं. रिपोर्टसाठी शक्ती साठवतोय.

७ सप्टेंबर, मंगळवार

पुणे. काल रक्त दिलं, आज रिपोर्ट. डॉक्टरांनी कागद बघितला. परत बघितला. लिव्हरचे आकडे चढलेत. चांगलेच.

विचारलं, काका, बाहेरचं काही औषध घेता? मी नाही म्हणालो. खरंच होतं ते. औषध कुठं घेतो मी? टॉनिक घेतो.

मग ते इंग्रजीत भरतशी बोलले. मला इंग्रजी फारसं येत नाही, पण लिव्हर कळलं आणि स्प्रेड कळलं. आतड्याचा हा आजार तिकडं जाऊ शकतो म्हणे. पुढच्या मंगळवारी स्कॅन.

 येताना जीपमध्ये हिनं पुण्यापासून नारायणगावपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवला होता. मला उकडत होतं, तरी काढ म्हटलं नाही.

९ सप्टेंबर, गुरुवार

घाबरलोय. लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

एवढं खाऊ घातलं या देहाला! ए टू झेड सगळं दिलं. आणि यानं हे करावं? आपल्याच हाताने लावलेली वेल आपल्यावर उलटली. दगा याच्यापेक्षा वेगळा काय असतो?

गेणभाऊकडं गेलो. विचारलं, तू स्वतः ही पावडर खातोस का? म्हणाला, म्या कशाला खाऊ? मला काय झालंय? मग दार जरा लोटून घेत म्हणाला, पण राव, डॉक्टरपुढं माझं नाव नको हां. शाळेत याच्या वाटच्या छड्या मी खाल्ल्यात.

१० सप्टेंबर, शुक्रवार

ठराव: डॉक्टरांना फोन करून सगळं सांगायचं.

फोन केला नाही. लाईनला खरखर होती. शिवाय सांगितलं तर ते म्हणणार, बंद करा. बंद केलं आणि तरी आकडे उतरले नाहीत तर? मग उरतं ते एकच. न सांगता निदान दोन शक्यता राहतात.

डोस चालू ठेवला. पानावर डावणीची बुरशी दिसली की फवारणी थांबवत नाहीत, वाढवतात.

१४ सप्टेंबर, मंगळवार. रात्री, घरी आल्यावर

सगळं क्रमानं लिहितो. 

सकाळी स्कॅन झाला. दुपारी डॉक्टरांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. डॉक्टर फिल्म बघत होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत हिनं बाजाराची पिशवी टेबलावर उपडी केली. पळणारा माणूस, चूर्णाची पुडी, ए, बी, डी, ई, लोह, झिंक, सगळं. एक गोळी घरंगळत डॉक्टरांच्या बुटापाशी गेली. ही म्हणाली, साहेब, हे रोज खात्यात. आधी ह्ये बघा, मग काय ते सांगा.

हिला पॅकहाऊसचं कोणी सांगितलं? भरतनं. म्हणजे घरातच फितुरी.

डॉक्टरांनी एकेक बाटली वाचली. चूर्णाचा वास घेतला आणि पुडी लांब ठेवली. विचारलं, हे सगळं एकदम? मी सांगितलं, मिक्स करून, पण फाटत नव्हतं. त्यांना कळलं नाही. भरतनं कपाळाला हात लावला.

स्कॅन क्लिअर आहे. लिव्हरवर गाठ नाही, काही नाही. म्हणाले, काका, लिव्हर या सगळ्यानं थकलंय, आजारानं नाही. आजपासून सगळं बंद. दोन आठवड्यांनी परत रक्त तपासू, तेव्हा पक्कं कळेल.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. मी आपलं म्हणालो, ठीक आहे, पण झोपेचं काय? मला झोप अजिबात नाही.

तर ही म्हणाली, झोपत्यात साहेब. रातभर झोपत्यात. दुपारचंबी झोपत्यात.

परक्या माणसासमोर! मी म्हटलं, तुला काय माहीत? ही म्हणाली, म्या बघते ना.

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. विचारलं, आई, रात्रभर कशा बघता? ही म्हणाली, जागी असते. आपरेशन झालं तवापासनं. श्वास चालू हाय का न्हाई, बघाया लागतं. मधीच थांबल्यावानी वाटतो. मग हात लावून बघते. मग परत पडते, पन डोळा लागत न्हाई. सवयच झालीय आता.

हे सगळं अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव सांगावा तसं. भरत खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर पार्किंग होतं, बघण्यासारखं काही नव्हतं.

मग डॉक्टरांनी खुर्ची हिच्याकडं फिरवली. नाव विचारलं, बयाबाई. वय. वजन. जेवण. बीपी घेतलं. माझ्या नंबरावर, माझ्या फीत! मी खोकून बघितलं. काही उपयोग झाला नाही.

शेवटी चिठ्ठी लिहिली. झोपेची गोळी. जिच्यासाठी मी जुन्नर केलं, मंचर केलं, चूर्ण चाटलं, ती गोळी. हिच्या नावावर. पेशंट मी, कापलेला मी, आणि गोळी हिला!

हिनं चिठ्ठी कनवटीला खोचली. म्हणाली, ह्यांचा रिपोर्ट येऊस्तोवर मी न्हाई घ्यायची. झोप लागली आन काय झालं म्हंजे?

२८ सप्टेंबर, मंगळवार

आकडे उतरले. जवळजवळ नॉर्मल. डॉक्टर चकित झाला नाही. म्हणाला, अपेक्षित होतं.

भरतनं जीपमध्ये बसल्याबसल्या आरतीला फोन लावला, तिच्याशी धड बोलता येईना त्याला. मी म्हटलं, रडतोस काय, मी सांगत होतोच की काही झालेलं नाही.

नारायणगावला थांबून मेडिकलमधून हिची गोळी घेतली. दुकानदारानं चिठ्ठी बघितली आणि लगेच दिली. एका शब्दानं विचारलं नाही.

२९ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ८

ही अजून झोपलेली आहे. रात्री जेवण झाल्यावर अर्धी गोळी घेतली आणि बोलता बोलता झोपी गेली. तोंड किंचित उघडं. एवढी गाढ झोपलेली मी हिला कधी बघितलेली नाही.

मला काल खरोखर झोप लागली नाही. शप्पथ. याआधी सांगायचो ते वेगळं. काल ही हललीच नाही, कुशीवरसुद्धा वळली नाही, म्हणून उठून नाकाशी बोट धरून बघितलं. चालू होता. थोड्या वेळानं परत बघितलं. मग तिथंच उशाशी बसून राहिलो, उगीच कशाला उठबस करायची म्हणून.

आरती उठवायला आली होती. तिला परत पाठवलं. चहा मीच केला. साखरेचा डबा काही सापडला नाही. हिला विचारावं म्हणून खोलीत गेलो, जरा वेळ उभा राहिलो आणि तसाच परत आलो. बिनसाखरेचा प्यालो.