स्विस घड्याळ आणि माझा ओटा

३ मार्च

आणलं! एकदाचं आणलं. साहेबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, निवृत्तीच्या पैशातून स्विस घड्याळ आणलं. किंमत विचारली तर म्हणाले, "तू आधी बस." बसले. मग सांगितली. बरं झालं बसले होते.

तेवढ्या पैशांत नवा ओटा, भिंतभर कपाटं आणि वर माझ्या दुकानाला नवं शिलाई मशीन आलं असतं. ह्यांचा उभा जन्म लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट तपासण्यात गेला — वर, खाली, वर, खाली. आता ह्यांना घरी बसून सेकंदकाटा बघायचाय!

४ मार्च

नणंदबाई खास घड्याळ बघायला आल्या. भावाचं सगळंच गोड. "वहिनी, ही गुंतवणूक आहे. असल्या घड्याळांची किंमत वाढतच जाते." म्हटलं, "वाढली की सांगा, विकून टाकू." दोघांनी असं पाहिलं, जणू मी नातवंडच बाजारात उभं केलंय.

७ मार्च

सेल नाही त्यात! रोज किल्लीही द्यावी लागत नाही. आत एक अर्धगोल चकती असते म्हणे, ती मनगटाबरोबर फिरते आणि त्यावर घड्याळ चालतं. शंभरावर तुकडे, आणि ते जुळवायला कारागिराचे हात. म्हटलं, "मी एका शर्टाला सात काजं हाताने करते, त्याचं कोण कौतुक करतंय?"

तर म्हणाले, "काजं नकोतच आता. माझ्या शर्टांना टिचबटणं लावून दे. बरी दिसतात." झाले स्विस!

११ मार्च

दहा मिनिटं मागे! साबणाच्या वड्यांवर फुकट मिळालेलं भिंतीवरचं प्लॅस्टिकचं मात्र बरोबर. नुसती दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिले.

१४ मार्च

बंद पडलं!! देव आहे.

"अहो, गुंतवणूक झोपली," म्हटलं. एरवी कडाडून भांडले असते. आज नुसतं मनगटाकडे बघत बसले. सगळी मजाच गेली.

१६ मार्च

शेवटी मीच घेऊन गेले. माझ्या दुकानाच्याच रांगेतला घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून कितीतरी वेळ आत डोकावत होता. "वस्तू अस्सल आहे, वहिनी. बघून डोळे निवले."

"एवढे पैसे द्यावेत असं आहे का त्यात? साबणावर फुकट मिळालेलंसुद्धा बरोबर चालतंय आमच्याकडे. खरं सांगा."

"नुसती वेळच बघायची असेल तर नाही. तुमचं साबणवालं जास्त बरोबर चालेल."

जिंकले! हे त्याच्याकडून कागदावर लिहून घेणार होते. "मग लोक घेतात कशाला?" विचारलं, तर त्याने थोडी किल्ली देऊन घड्याळ माझ्या कानाशी धरलं. ऐकलं. बारीक आवाज होता. चांगला होता. पण ओट्याएवढा नव्हता.

तपासायला आठ दिवस ठेवून घेतलंय.

२४ मार्च

घड्याळात काही म्हणजे काही बिघाड नाही! पठ्ठ्याने आठ दिवस स्वतःच्या हातात मिरवलं. म्हणे, रोज जेमतेम तीन सेकंदांचा फरक.

"मग आमच्याचकडे का बंद पडतं?"

"साहेब अंथरुणाला खिळलेत का?"

"छे! रोज तासभर फिरायला जातात."

"मग नवल आहे. हात हलला की हे चालतं, वहिनी. हातच हलला नाही तर ते तरी काय करणार?"

मला हसू फुटलं. 'आळशी माणसाला स्विस घड्याळ!' वाटभर वाक्य घोटत घरी आले.

२५ मार्च

ते वाक्य बोलले नाही.

संध्याकाळी हे फिरायला निघाले तशी मीही निघाले. मुद्दाम वीस पावलं मागे. उजवा हात पुढे-मागे जात होता. डावा, घड्याळाचा, नाही. कुणी अंगाशी शिवून टाकावा तसा.

तीस वर्षं लोकांच्या बाह्यांची मापं घेतेय मी. एक सूत कमी-जास्त झालं तर लांबून कळतं. आणि घरात? टिचबटणं! चहाचा कप हल्ली उजव्याच हातात. वर्तमानपत्र हातात न धरता टेबलावर पसरून वाचणं. त्या सगळ्याला मी रुबाब म्हणत होते.

घरी आल्यावर विचारलं, "हात दुखतो का?"

"नाही."

"मग हलत का नाही?"

"वय झालं, अगं."

"उजव्याचं नाही झालं?"

उठून आत गेले.

२७ मार्च

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरांचं नाव सांगितल्यावर हे म्हणाले, "दुसरे कुणी बघ. हे लांब पडतात." लांब! घरापासून पंधरा मिनिटं! मी ऐकलं नाही.

३१ मार्च

आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी मान वर केली आणि ह्यांना म्हणाले, "या. ह्या वेळी बाईंना आणलंत, बरं केलंत. गोळ्या घेताय ना?"

ह्या वेळी!

कंपवात, म्हणजे पार्किन्सन. हात न थरथरता, नुसता आखडूनही सुरू होतो म्हणे. जानेवारीतच कळलं होतं ह्यांना. एकटेच आले, एकट्यानेच ऐकलं. बरा व्हायचा नाही. औषधांनी, व्यायामाने पुढे ढकलायचा.

बाहेर बाकावर बसलो. मी विचारलं, "आणि हे माहीत असताना घड्याळात पैसे घातलेत?"

"डॉक्टर म्हणाले, हात हलवत राहा. मला कळत नाही गं, कधी हलायचा थांबतो ते. हे बंद पडलं की कळेल म्हटलं. साधं घड्याळ काय, मी थांबलो तरी चालतंच."

मी उठले. त्यांचा डावा हात हातात घेतला आणि घरापर्यंत झुलवत आणला. लोक बघत होते. बघू देत.