छायाचित्र क्रमांक २१७

भुकूम,
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

चि. दिग्विजय,
अनेक आशीर्वाद. किमयाचा खोकला थांबला असेल. माझ्या रक्तदाबाचं विचारू नकोस.

काल, मंगळवारी ४ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने एका बाईची अब्रू भिंतीवर टांगली. वेळ समीक्षाने सांगितली. पुढची चाळीस मिनिटं तिने वर्गातल्या घड्याळाकडे बघूनच काढली.

समीक्षा म्हणजे इथून जवळच्या चांदे गावातल्या चिमाबाईंची नात, बी.ए.ला आहे. विधवा प्रथा शिकवताना प्राध्यापकांनी तुमच्या डिजिटल संग्रहातलं छायाचित्र क्रमांक २१७ पडद्यावर लावलं. नवरा गेलेली एक बाई, बायका तिच्या बांगड्या फोडतायत, पदर खाली आलेला, तोंड उघडं. खाली लिहिलंय, ‘अज्ञात मेंढपाळ स्त्री, मुळशी, १९८७’. शेजारी बटण: डाउनलोड करा.

अज्ञात! ती बाई जिवंत आहे रे. ऐंशीची आहे. काल सकाळी तिनेच नातीला भाकरी बांधून दिली होती.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “काय ॲक्टिंग हाय!” वर्ग हसला. समीक्षाही हसली. न हसती तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणाली.

एवढी तुमची वातानुकूलित खोली, एवढी यंत्रं. एका माणसाला चांद्याला पाठवून नाव विचारायला काय धाड भरली होती? छायाचित्रकाराचं नाव मात्र काना-मात्रेसकट अचूक छापलंत.

ते नाव वाचूनच समीक्षा काल दुपारी माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरच थांबली.

“हा फोटो तुमी काढलाय व्हय?”

“हो.”

“आजीनं जाळाया सांगितलेला, त्योच ना?”

मी तिला पाणी दिलं. तिने घेतलं नाही.

१९८७ साली मी पौडला नोकरीला होते. रविवारी कॅमेरा घेऊन हिंडायचे. चिमाबाईंचे यजमान धुळाजी गेले त्या दिवशी मी भेटायला म्हणून गेले, आणि फोटो काढला. महिन्याने चिमाबाई स्वतः आल्या. “बाई, त्यो फोटू जाळा. माज्या पोरांनी बघाया नगं.” मी म्हटलं, जाळते. पुढच्या बाजाराला त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जाळला. त्या मला दूध घालायच्या; त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडून दुधाचे पूर्ण पैसे कधी घेतले नाहीत, आणि मी नजर चुकवून दूध घेत राहिले. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी खोटं बोलल्याबद्दल हातावर इतक्या छड्या मारल्या, सगळ्या वाया गेल्या.

मी काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो होता. म्हणून नाही जाळला.

माझ्या फोटोंचा खोका संग्रहासाठी तू नेलास, पण भरला मी. त्या फोटोमागची ‘नाव माहीत नाही’ ही चिठ्ठीही माझ्याच अक्षरातली आहे. नाव लिहिलं असतं तर तुम्ही त्यांची परवानगी मागायला गेला असता. आता संग्रहाची सूची करणाऱ्याला बोल लावू नकोस.

शनिवारी, ८ तारखेला, समीक्षाच्या कॉलेजात प्रदर्शन आणि बक्षीस समारंभ आहे. २१७ तिथे भिंतीएवढा लागणार. समीक्षा म्हणाली, “आजी येनारे. मी बक्षीस घेनारे ना. नवं लुगडं काढून ठिवलंय तिनं.”

तेव्हा, २१७ संग्रहातून उतरव. कॉलेजला पत्र पाठवून प्रदर्शनातला तो मोठा फोटो रद्द करायला लाव. ज्यांनी ज्यांनी तो डाउनलोड करून घेतलाय त्यांना कळव. फोन करू नकोस. फोनवर तू ‘बघतो मावशी’ म्हणतोस आणि बघत नाहीस. शिक्क्यासह लेखी उत्तर शुक्रवार, ७ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवं.

सहा वाजता मी चांद्याला चिमाबाईंकडे जाणार आहे. तुझं उत्तर आलं तर ते घेऊन, नाही तर रिकाम्या हाताने. जाळला नव्हता, हे त्यांना माझ्या तोंडून कळायला हवं.

जिने खोटं सांगितलं ती,
अनसूयामावशी