दगडाला कुठलं तेल

३ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दिलेला धारेचा दगड घेऊन मी या सुतारकामाच्या कारखान्यात आले, त्याला महिना झाला. इतका जुना दगड इथे कोणाकडे नाही. पण काका, दगड रुसलाय. पटाशी घासायला घेतली की नुसती सरकते, धार काही लागत नाही. वर चिकट, पिवळट साय धरलीय. तुम्ही सांगितलंत तसं जवसाचंच तेल वापरते.

वीस तारखेला मोठे मिस्त्री आमची परीक्षा घेणार आहेत. डिंक न लावता खुर्चीचे सांधे करायचे, मग ते खुर्ची उचलून आपटणार. जिची टिकेल तिला कायमची जागा, बाकीच्यांनी घरचा रस्ता धरायचा. हत्यारं ज्याची त्याने आणायची. माझी पटाशी सध्या लोणीसुद्धा कापणार नाही. मला इथेच राहायचंय हो. लवकर कळवा.

आपली,
पाचर

७ मार्च

चि. पाचरीस,
अ. उ. आ.

लहानपणी फट दिसेल तिथे घुसायचीस म्हणून तुझं नाव पाचर ठेवलं, ते काही चुकलं नाही. आता माझ्या तीस वर्षांच्या अनुभवातही घुसलीस! नाचता येईना, अंगण वाकडं. अगं, माझ्या बाकावरच्या तपकिरी बाटलीत पहिल्यापासून जवसाचंच तेल आहे. एकदा आणलं ते अजून पुरतंय, कारण मी दोनच थेंब टाकतो. तुझा हात जड पडत असणार.

तरी तुझ्या समाधानासाठी ताजं तेल आणून माझ्या दगडावर वापरून दाखवतो. परीक्षेची धास्ती घेऊ नकोस. जेवणाकडे लक्ष दे.

तुझा,
काका

८ मार्च

चि. पाचर हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. तुझा हात जड नाही, तेल चुकलंय. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांच्या दगडावरही अशीच साय धरली होती. जवसाचं तेल वाळून घट्ट होतं. लाकडाला चांगलं, दगडाला वैरी. तेव्हा हे इतके चिडलेले असायचे की बोलायची सोय नव्हती. मी गुपचूप दगड रॉकेलने धुतला आणि बाटलीत माझ्या शिलाई मशीनचं तेल भरलं. तेव्हापासून दर महिन्याला भरते. दोन थेंब म्हणे! ह्यांचं नाक भुशाने कधीच बंद पडलंय, वास कुठून येणार? तुला जवसाचं सांगितलंय हे मला माहीत असतं, तर तेव्हाच बोलले असते.

दगड दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेव आणि दातांच्या जुन्या ब्रशने घास. तरी पटाशी सरकली, तर काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्यावर दगड फिरव. मग मशीनचं तेल लाव, बाटली सोबत पाठवलीय. स्वयंपाकाचं तेल चुकूनही नको, तेही चिकटतं. आणि ह्यांना कळवू नकोस. माणूस मानी आहे.

तुझी,
काकू

२१ मार्च

ती. सौ. काकूस,
शि. सा. न.

काकू, जागा मिळाली! मिस्त्रींनी खुर्ची दोनदा आपटली, सांधा जागचा हलला नाही. पटाशीची धार नखावर पाहून त्यांनी विचारलं की दगडाला कुठलं तेल लावतेस. माझ्या तोंडून निघून गेलं, काकूचं. त्यावर त्यांनी विचारलं, ते बाजारात मिळतं का.

तुझं पत्र आलं नसतं तर मी आज ट्रंक भरत बसले असते. तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही. काकांना पास झाल्याचं वेगळं लिहिलंय, तेलाबद्दल चकार शब्द नाही. पण ते सगळं श्रेय स्वतःच्या दोन थेंबांना देतील, ते मला खुपतं.

तुझीच,
पाचर

२७ मार्च

चि. पाचरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दिवसभर खिशात घेऊन फिरलो. शाब्बास पोरी! आता माझी माफी मागायची पाळी.

ताजं जवसाचं तेल वापरलं आणि दहा दिवसांत माझ्याही दगडावर साय धरली. मग दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं काचेवर ठेवलं. एक चिकट झालं, दुसरं होतं तसंच राहिलं. असं तेल घरात एकाच ठिकाणी असतं. तुझ्या काकूला विचारलं, तर मान वर न करता तिने सांगितलं की हो, मीच भरते, आणि सुईत दोरा ओवत राहिली.

तीस वर्षं लोक माझ्या धारेचं कौतुक करत आले आणि मी मिशांना पीळ देत बसलो. आधी राग आला, मग लाज वाटली, मग इतकं भरून आलं की रंधा खाली ठेवावा लागला. तिचे आभार मानले. ती म्हणाली, आभार राहू द्यात, आधी दगड रॉकेलमध्ये टाका.

आता घरात आणखी काय काय आपोआप होतं ते बघत फिरतोय. कानावरची पेन्सिल रोज सकाळी टोकदार असते. सदऱ्याचं बटण कधी तुटलेलं सापडत नाही. रोज एक गोष्ट विचारतो, आणि रोज तीच निघते. ती वैतागलीय. पण मी विचारणार आहे, सगळं विचारून होईपर्यंत मला आयुष्य पुरलं म्हणजे झालं.

आम्हा दोघांवर लोभ ठेव, तिच्यावर जरा जास्त.

तुझा,
काका