शिळे म्हटलेल्या अन्नाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पूर्वी परिचारिकांच्या वसतिगृहातली मुख्य स्वयंपाकीण, हल्ली घरीच, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणीही माझा हात न धरता लिहीत आहे. शरीर साथ सोडू लागले आहे, डोके नाही. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. दाखला मुद्दाम मागून घेतला, कारण आमच्या घराण्यात बाईने सही केली की तिचे डोके ठिकाणावर होते का, असा प्रश्न पुरुषांना पडतो.

मी लग्न केले नाही. जवळचे म्हणावे असे नातेवाईक दोनच: थोरला भाऊ, ज्याला पुढे 'दादा' म्हटले आहे, आणि त्याची मुलगी, माझी पुतणी. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी. हे घर आईचे होते. तिने ते मला दिले. दादाने कोर्टात हरकत घेतली, ती फेटाळली गेली; निकालाची प्रत कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. हे घर मी समोरच्या भाड्याच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या टेलरबाईंना पूर्ण मालकीहक्काने देत आहे. त्या माझ्या कोणी लागत नाहीत. म्हणूनच कारण लिहिते, नाहीतर पुन्हा कोणीतरी 'दडपण' हा शब्द काढेल.

आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या कमरेचे हाड मोडले. त्यानंतर ती पलंगावरून उठली नाही. मला उजाडायच्या आत वसतिगृहात पोचावे लागे. दादा दोन गल्ल्या सोडून राहत असे. "आमच्याकडे जागा कुठंय?" असे वहिनी म्हणाल्या. त्यांचे घर आमच्या घराच्या दुप्पट आहे. तो विषय तिथेच संपला.

मग मी रविवारी स्वयंपाक करू लागले. मोठ्या पातेल्यांत आठवड्याचे शिजवायचे, पसरट ताटांत ओतून निववायचे, एकेका जेवणाचे डबे भरायचे, झाकणावर चिकटपट्टी लावून आत काय आहे आणि कधी केले ते लिहायचे आणि फ्रीजरमध्ये रचायचे. भाज्यांचे सूप, मऊ भात, कोंबडीचा रस्सा, घोटलेली मसूर. आईला घास गिळायला त्रास व्हायचा, म्हणून तिचे सगळे मऊसूत आणि बेताच्या तिखटाचे. दुपारी टेलरबाई मशीन थांबवून येत, डबा गरम करत आणि आईला भरवत. कोणी सांगितले नव्हते. एकदा मी विचारले, "तुमचं काम खोळंबतं ना?" तर म्हणाल्या, "ब्लाउज थांबतो हो, भूक नाही थांबत."

आई या जेवणाबद्दल कधी बरे बोलली नाही. रविवारी दादा यायचा, उशाशी बसायचा, तिचा हात हातात घ्यायचा. ती लगेच मला हाक मारायची, "अगं, दादाला दे चार डबे. वाळलाय बघ किती." दादा पिशवी बरोबर आणूनच वाळत असे. माझ्या रविवारातले निम्मे त्याच्या घरी जायचे. आईने घर मला दिले. कौतुक मात्र शेवटपर्यंत त्याचे.

आई गेली त्या दिवशी सगळे नातेवाईक बाहेरच्या खोलीत जमले होते. दादा उभा राहिला आणि रडत रडत बोलला, "माझ्या आईला शेवटची वर्षं शिळं खावं लागलं. बर्फातलं. मी काही करू शकलो नाही." मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचे ताट घेऊन उभी होते. कोणी माझ्याकडे पाहिले नाही. एका चुलत काकूने कप उचलला आणि खाली ठेवला. त्या दिवसापासून नात्यात माझे नाव 'बर्फवाली' पडले. ते वहिनींनी ठेवले, हे मला नंतर कळले.

पुढे कोर्टातही त्याने हेच मांडले: आईची आबाळ झाली, आणि आबाळ करणाऱ्या मुलीने दडपणाखाली घर लिहून घेतले. त्याच्या वकिलांनी मला विचारले, "म्हणजे आठवड्यापूर्वीचं अन्न तुम्ही आजारी आईला घालत होता?" मी म्हणाले, "गरम करून." लोक हसले. न्यायाधीशही गालातल्या गालात हसले असावेत, मी वर पाहिले नाही. टेलरबाईंनी शिवणाचे काम टाकून साक्ष दिली. दादाच्या वकिलांनी त्यांनाही सोडले नाही. पाहिले-न पाहिलेले सगळे विचारले, वर तुम्हाला या घरातून काय मिळते, असेही विचारले. काहीच मिळत नव्हते. आता मिळेल. वकीलसाहेब हयात असतील तर त्यांना कळवावे.

२. बँकेत जे उरेल ते घराच्या डागडुजीसाठी टेलरबाईंनाच. गॅलरीचे छत गळते.

३. काचेचे डबे, निळ्या झाकणांचे, पुतणीला. ती लहान असताना जेवण उरकले की झाकणाची कड चावत बसायची. तिच्या दातांच्या खुणा अजून तिथे आहेत. कोर्टात तिला विचारले गेले, "आत्याकडचे असे डबे तुमच्या घरी यायचे का?" ती बापाकडे बघून म्हणाली, "आठवत नाही." नंतर तिचा फोन आला, "आत्या, मला बाबांच्याच घरात राहायचं होतं गं." मला ते समजते. समजणे वेगळे आणि विसरणे वेगळे. झाकणे बघून तरी तिला आठवावे.

४. सुऱ्या, मोठी पातेली आणि पितळी झारा हे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सध्या जी कोणी असेल तिला द्यावेत. तिथल्या अधीक्षकबाईंनी मला निवृत्तीच्या वेळी दिलेले, बॅटरी घातली तरी न चालणारे चांदीच्या रंगाचे टेबलावरचे घड्याळ त्यांच्या कार्यालयात साभार परत करावे. त्यांच्या पायांवर सूज होती तेव्हा त्यांचे बिनमिठाचे जेवण मी वेगळे करत असे. भाषणात त्यांनी माझ्या जागी दुसऱ्याच बाईचे नाव घेतले.

५. मी गेल्यावर जे जमतील त्यांना चहा द्यावा. कोणीही बोलायला उभे राहू नये. दादाने तर नाहीच.

६. फ्रीजर आणि त्यातले अन्न. हे कलम, माझ्या सांगण्यावरून हे मृत्युपत्र तयार करणाऱ्या वकीलबाईंनी मला दोनदा विचारून लिहिले.

मागच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. पुतणीला बापाचे जमेना, ती वेगळी राहते. महिनाभराने दादा माझ्या दारात आला. निकालानंतर आम्ही बोललो नव्हतो. शर्टाची बटणे वरखाली लागलेली, हातात तीच जुनी पिशवी. म्हणाला, "काही शिल्लक असेल तर दे. फ्रीजरमधलं चालेल."

फ्रीजरमधलं चालेल! मी दाराची कडी धरून उभी राहिले. दार त्याच्या तोंडावर लावायचे मी मनात अनेकदा ठरवले होते, शब्दही ठरवले होते. त्यातला एकही आठवला नाही. मी रस्सा काढला, गरम केला, वाढला. तो खाली मान घालून भराभर जेवला, पाहुण्यासारखा नाही, पोरासारखा. शेवटचा घास झाल्यावर डोळे पुसून म्हणाला, "अगदी आईच्या हातची चव आहे."

आमच्या आईला साधी फोडणी न जाळता जमत नसे. दादाला हे ठाऊक आहे. लहानपणी आम्ही दोघे तिचा भात खिडकीतून मांजरीला टाकत होतो.

तेव्हापासून तो दर रविवारी येतो. मला काय झाले आहे ते त्याला सांगितलेले नाही. टेलरबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "मग आता त्यांच्यासाठी कशाला राबताय? जीव जाईस्तोवर?" पण उभे राहवते तोवर मी दोन माणसांचे शिजवते आणि एकाचे खाते. उरलेले गोठवते. आता फ्रीजर भरत आला आहे. हे सर्व, फ्रीजरसकट, दादाला द्यावे.

या कलमात आधी एक अट होती: जमलेल्या नातेवाइकांपुढे, आईच्या पोटात शिळे अन्न गेले नाही, असे त्याने बोलून दाखवावे, मगच डबे मिळावेत. ती अट मी खोडली आहे. खोडलेल्या ओळींच्या बाजूला माझी सही आहे. वकीलबाई म्हणाल्या, "माफ केलंत म्हणायचं." तसे नाही. भुकेला माणूस ताटासाठी काहीही कबूल करतो. मला ते पोटभर जेवलेल्या माणसाकडून हवे होते, न मागता. अशी संधी त्याला दर रविवारी मिळत आली आहे.

७. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून मी वकीलबाईंना नेमते.

हे शेवटचे कलम मी स्वयंपाकघराच्या टेबलावर स्वतः लिहीत आहे. आज रविवार आहे आणि दादा समोर बसून जेवतो आहे. त्याने आत्ताच विचारले, "काय लिहितेस एवढं?"

"मृत्युपत्र."

तो घास हातात घेऊन थांबला. मीही लेखणी थांबवली. वाटले, आता. त्याने ताटाकडे बघत घास तोंडात घातला.

"मीठ जरा कमी पडलंय आज," दादा म्हणाला.

मी मिठाची बरणी त्याच्यापुढे सरकवली. पुढे काही लिहायचे नाही. वरील सर्व मजकूर वाचून, समजून, खाली सही करते.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार, ज्यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही झाली असे सांगून आपली सही केली, व ज्यांना यातून काहीही मिळत नाही:
१. औषधाच्या दुकानाचे मालक (सही)
२. फ्रीजर दुरुस्त करणारे मिस्त्री (सही)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च २०२५, रविवार