समुपदेशकाची खुर्ची

४ सप्टेंबर
संकल्प: लेकीच्या शाळेला पगारी समुपदेशक मिळवून द्यायचाच. एवढी मुलं आणि मन मोकळं करायला एक माणूस नाही! नगरपालिकेच्या हात धुऊन मागे लागणार. पहाटे उठून भाषण लिहायचं.

५ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ
आत्ता उठलो. भाषण मनात तयार आहे.

११ सप्टेंबर
बायकोला भाषण वाचून दाखवलं. ‘मुलांचं ऐका’ असा जोरदार शेवट. ती म्हणाली, लेक हल्ली नीट जेवत नाही, जरा बोल तिच्याशी. टाळी कुठे वाजवायची तेही कळत नाही बाईला. लेकीच्या दाराबाहेरून विचारलं, ठीक आहेस ना? हो म्हणाली. विषय मिटला.

१९ सप्टेंबर
सभा. गटारांच्या विषयानंतर माझा नंबर. तोवर निम्मे सदस्य चहाला गेलेले. उरलेल्यांनी मन लावून ऐकलं, एकाने तर डोळे मिटून. अध्यक्ष म्हणाले, विचार करू. जिंकलोच!

३ ऑक्टोबर
मंजूर! पगार नाही, पाटी. ‘समुपदेशन कक्ष’, पितळी अक्षरांत. खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून देणार. माणसाचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. सुरुवात तर झाली.

७ ऑक्टोबर
मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, पाटी लागलीच आहे, तर दर गुरुवारी तुम्हीच बसाल का? आढेवेढे न घेता हो म्हटलं. माणसं ओळखण्यात माझा हात कोण धरणार? घरी मात्र सांगितलं नाही. या कामात गुप्तता लागते.

१० ऑक्टोबर, गुरुवार
कोणी आलं नाही. मुलं सुखी दिसतात. हा मुद्दा सभेत काढू नये.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
मधल्या सुट्टीत दार हळूच लोटलं गेलं. पहिलं मूल! पेन उघडलं, चेहरा समजूतदार केला.
लेक होती. डोळे रडून सुजलेले. मला बघून दारातच थांबली. “बाबा, इथे कोणी बाई बसतात ना?”
मी म्हटलं, मीच बसतो, बोल की.
“काही नाही. चुकून आले.” दार ओढून घेतलं तिने.
मागे जायला हवं होतं. पण काय बोलायचं ते भाषणात नव्हतंच. सुट्टी संपेपर्यंत खुर्चीत बसून राहिलो.
संध्याकाळी तिच्या बंद दाराबाहेर बराच वेळ उभा होतो. ठीक आहेस ना, हे विचारायची भीती वाटली.