खरवडलेला गाल

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. अक्षर नेहमीप्रमाणे तुझ्या आईचं, आगाऊपणा माझा.

इकडे तुझा बाप दुकानात गिऱ्हाइकांची मापं लक्षात ठेवतो आणि माणसं विसरतो. मी अजून काजं-बटणं करते. फोनवर मला ऐकू येत नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप. गालावरचा वण काढून घेणार आहेस असं कळलं. कातडी खरवडतात म्हणे! तोंड आहे की करपलेलं पातेलं? अगं, तू काम करतेस त्या चष्म्याच्या दुकानात माणूस स्वतःचं नाक आरशात बघायला येतो, तुझा गाल बघायला नव्हे. करायचंच तर कर, पण एकटी जाऊ नकोस. तुझी आई यायला तयार आहे. हे वाक्य लिहायला तयार नव्हती, मी लिहायला लावलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

ता. १९ फेब्रुवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

परवा डर्माब्रेजन झालं. गाल बधिर करून फिरत्या बारीक ब्रशने वरची त्वचा खरवडली. दुखलं नाही, पण घरघर अजून कानात आहे. गाल लालबुंद आणि ओला आहे, रोज पट्टी बदलते. दहा-बारा दिवसांत नवी कातडी येईल, मग काही महिने ऊन टाळायचं. आपल्या रंगाच्या कातडीवर कधीकधी काळा डाग राहतो, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

सोबत मैत्रीण होती. आईची गरज नाही. मी तीन वर्षांची असताना तिने कात्री जमिनीवर उघडी टाकली नसती, तर ही वेळच आली नसती. गिऱ्हाइकाच्या कानावर चष्म्याची काडी बसवताना त्याची नजर माझ्या गालावर अडते, ते रोज मी सोसते. हे पत्र आईच तुला वाचून दाखवत असणार. दाखवू दे. हा वण गेला की तिचं माझ्याकडे काही उरणार नाही, आणि घरी यायचं कारणही.

तू जपून राहा, माझी आठवण काढत जा.
तुझी ठकी

ता. २७ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने तुझं पत्र एक शब्दही न गाळता वाचलं. आवाज हलला नाही. वाचून झाल्यावर उठून पाणी प्यायली.

आता मी सांगते ते ऐक. ती कात्री मी टाकली होती. शेजारच्या नवराबायकोचं जुंपलं होतं, ते ऐकायला हातातलं काम तसंच टाकून दाराशी गेले. मागे तू पडलीस. तुझा बाप धावत आला, कात्री कुणी टाकली म्हणून ओरडला, आणि माझ्या तोंडून सुनेचं नाव गेलं. ती बाहेर कपडे वाळत घालत होती. आत आली तोवर निकाल लागलेला होता. जन्मभर जीभ चालवली, पण तेवढं एक वाक्य मागे घ्यायला ती वळली नाही.

पुढचं अक्षर औषधाच्या दुकानातल्या काकांचं आहे. तुझ्या आईने वरची ओळ पुरी केली, पेनाला टोपण लावलं. तू पडलीस त्या दिवशी सकाळी तिनेही कापड कापलं होतं. म्हणून चोवीस वर्षं तिला वाटत होतं, कात्री खरंच आपल्याच हातून राहिली. एवढंच म्हणाली आणि आत गेली.

लोभ कुठल्या तोंडाने मागू? आईला लिही.
आजी

ता. १७ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद.

अक्षर पुन्हा काकांचं. तुझं पाकीट आलं. नेहमीसारखी मी ऐकायला पुढे सरकून बसले. तुझी आई उभ्यानेच वाचत राहिली, ओठ न हलवता. मी विचारलं, गाल भरला का, डाग राहिला का. म्हणाली, “पत्र मला आलंय.” रागाने नाही, सहज म्हणाली. काल ती तुझ्याकडे यायला निघाली. किती दिवस राहणार, ते मला सांगितलं नाही, आणि मला विचारवलं नाही.

पत्र तिच्या उशाखाली राहिलंय. मी काढून पाहिलं. दोन्ही पानं गच्च भरलेली आहेत. काकांकडून वाचून घ्यावं असं मनात आलं होतं, दुकानाच्या पायरीपर्यंत गेलेही. मग परत आणून ठेवलं.

मला एका ओळीत कळव, डाग राहिला की गेला. बाकीचं तुम्हा दोघींचं.
आजी