तिसरी हाक

सोमवार, १ सप्टेंबर

गेवराईत आले. खोली झकास हाय. आरोग्य कार्यालयाच्या मागं, पत्र्याची, पण नळ घरात अन् पंखा डोक्यावर. लिंबागणेशला अर्धं आयुष्य पाणी वाहण्यात गेलं, म्हणून नळ दोनदा उगाच सोडून बघितला. काम शिपायाचं, कंत्राटी. ही डायरी साहेबांनी दिली, कुणी वापरत नव्हतं. मी चौथी शिकलेली, शुद्ध-बिद्ध कुणी शोधू नये.

इथून उमापूर जवळ. तिथं माझी मंगल हाय, सातवा महिना चालू. जावई चाकणला कंपनीत, घरात ती एकटीच. बाळंतपणाला तिला इथंच आणायचं, म्हणून तर ही नोकरी धरली.

तालुक्यात तापाची साथ हाय. कोपऱ्यातल्या खोलीत रईस बसतो, मोबाईल अन् कंप्युटर घेऊन. सरकारचे निरोप व्हॉट्सॲपवर, फेसबुकवर टाकायचे, एवढंच काम. मी म्हणलं, याचा पगार देतेत का तुला. तर म्हणाला, खाला, तुमच्या झाडूपेक्षा माझा झाडू लांब जातो. माणूस बरा हाय.

गुरुवार, ४ सप्टेंबर

रईसचे निरोप कुणी वाचत न्हाई. लिहितो काय, तर नागरिकांनी पाणी उकळून प्राशन करावे. मी म्हणलं, प्राशन देव करतेत, माणसं पितेत. ड्रायव्हर आप्पाराव म्हणाला, आमच्या गावात तर लोकांना वाटलं लाईटबिलाची नोटीस आली.

दुपारी अंगणात एका बाप्याला झापत होते. लेकरू तापानं फणफणलेलं अन् हा त्याला तीन दिवस अंगारे लावीत बसलेला. साहेबांनी खिडकीतून ऐकलं, म्हणाले हाच आवाज पाहिजे. रईसच्या खोलीत नेऊन बसवलं. मी शेजारणीच्या दारात मारावी तशी हाक मारली, अगं बाई, अगं बाई, अगं बाई. मग सांगितलं, पाणी उकळ, ताप आला की अंगारा नको, दवाखाना गाठ.

रईसनं दोन हाका कापल्या. लोक एवढं थांबत न्हाईत म्हणे, बोटानं पुढं सरकवतेत. मी म्हणलं, आमच्यात एक हाक मारून थांबत न्हाईत. माणूस तीनदा हाक मारतं. जे माणूस न्हाई, त्याला एकदाच मारता येती, अन् त्या एका हाकेला ओ दिली की ते घेऊन जातं. तो हसला. त्याची अम्मीबी हेच सांगायची म्हणे, पण मोबाईलला कुठलं भूत धरतंय.

निरोप गेला. एका हाकेचा.

रविवार, ७ सप्टेंबर

मी फेमस झाले. पाशा फळवाला पैसे घेईना, वर म्हणतो मावशी, रागवू नका, पाणी उकळलंय. आवाज घरोघर पोचला, लोक दवाखान्यात यायला लागले. जिल्ह्याहून साहेबांना शाबासकी. साहेबांनी मला चहा दिला, स्वतःच्या कपातला न्हाई, पण दिला.

मंगलचा फोन आलता. हसत होती. तिची शेजारीण उज्ज्वला भाकऱ्या करत होती, फोन वाजला, माझी हाक आली, तर बाई ओ म्हणत पिठाच्या हातानं दारात. बघते तर कुणी न्हाई.

मी पण हसले. मग हसू थांबलं. मंगलला म्हणलं, तू न्हाई ना दिली ओ. ती म्हणाली, मला काय याड लागलंय का.

बुधवार, १० सप्टेंबर

उज्ज्वला गेली. परवा ताप, आज गेली.

दवाखान्याच्या वॉर्डात सटवा म्हणून एक तापाचा म्हातारा हाय. मला बघून पांघरुणात शिरला. म्हणला, बाई, तुमी हाक मारली म्हणून ओ दिली, आता कशाला आलात. मी झापलं, फोनमधी बोलले होते रे, दारात न्हाई. तर म्हणतो, फोन माझ्याकडं हायच कुठं.

नंतर वॉर्डातल्या आणखी दोघींना इचारलं, दारात माझीच हाक आली का. दोघींनी मान हलवली. तुमीच की, बाई.

साहेबांना सांगितलं, काढा तो निरोप. म्हणाले, जानकीबाई, लोक सरकारचं पहिल्यांदा ऐकाया लागलेत. आता काढला तर म्हणतील, आधीचं सगळं खोटं होतं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

रईसला बखोटीला धरून बसवलं. तीन हाकांचा नवा निरोप केला. त्याच्या कंप्युटरवर तीन ऐकू आल्या. आप्पारावच्या फोनवर एक. पाशाच्या फोनवर एक. रईसनं परत पाठवला. परत एक.

मग मी नळावर गेले. हात धुवून येते तर रईस खुर्चीतून अर्धा उठलेला. म्हणाला, आल्या का खाला, आत्ताच तर बोलावलं तुमी.

मी बोलावलं नव्हतं.

इचारलं, ओ दिली का. तो म्हणाला, हां म्हणलो.

शनिवार, १३ सप्टेंबर

रईस वॉर्डात. ताप उतरत न्हाई. खोलीला कुलूप लावलं तरी निरोप जातेतच. साहेब माझ्याशी बोलत न्हाईत.

मंगलला फोन केला. म्हणलं, माझ्या हाकेला ओ देऊ नको. ती म्हणाली, आई, सकाळीच तर निरोप पाठवला तू, कुणालाच ओ देऊ नको, फक्त मला दे म्हणून.

मला निरोप पाठवता येत न्हाई.

आप्पारावला बोलायला लावलं. ती म्हणाली, मामा, तुमचं कावून ऐकू, मी आईचं ऐकीन.

मीच परत घेतला फोन. म्हणलं, उद्या मी येते तुला न्यायला. तीन हाका मारीन. तिसरीला ओ दे, तिसरीला दार उघड. त्याच्या आधी न्हाई. ती हो म्हणाली. रडत होती.

फोन ठेवल्यावर मनात आलं, अजून कुणी ऐकलं असंल तर.

रविवार, १४. उमापूर

दुपार. गाव बंद केलंय, वेशीला दोरी बांधलीय. आप्पारावनं तिथं सोडलं, आत आला न्हाई. गल्लीत माणूस न्हाई. सगळी दारं बंद. मला बघून एक खिडकीबी लावून घेतली कुणीतरी.

मंगलच्या ओट्यावर बसले.

पहिली हाक मारली. आत भांडं वाजलं. हाय ती. बरी हाय.

हाकांमधी घाई करायची न्हाई. माझं तोंड धीर धरीत न्हाई, म्हणून लिहीत बसले.

दुसरी मारली. आत पाऊल वाजलं. माझी पोरगी शहाणी, ओ न्हाई दिली. दाराच्या आड उभी हाय, श्वास ऐकू येतोय.

आता दम घेते अन् तिस

झाली. तिसरी हाक झाली. मी न्हाई मारली — मागच्या परसातून — माझ्याच आवाजात —

त्याला एकच मारता येती. दोन मीच मारून दिल्या —

ओ दिली तिनं. आले आई म्हणाली. पावलं मागच्या दाराकडं चाललीत — मी वरडते, तोंड उघडलंय पण आवाज